मलिदा आणि काला

चाळिशी ओलांडलेल्या माणसानं पंचविशीतल्या पोरावर जळावं, आणि तेही एका मांजरीपायी, ही काही चारचौघांत सांगायची गोष्ट नव्हे. पण मी जळलो. चांगला वर्षभर जळलो. बायकोला वाटायचं, कचेरीत कामाचा ताण आहे. मीही तसंच म्हणायचो.

मी तालुक्याच्या कचेरीत दफ्तरखान्याचा कारकून होतो. दफ्तरखाना म्हणजे कचेरीची मागची लांबट खोली. तिथं जमिनींचे, वारसांचे, बांधांच्या भांडणांचे कागद लाल कापडाच्या बस्त्यांत बांधून फळ्यांवर रचलेले. सगळं उर्दूत. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूची, कचेरी उर्दूची, आणि माझं तर अक्षरही उर्दूतलं असं की वरचे साहेब कागद हातात घेऊन आधी नुसता बघत बसायचे, मग वाचायचे. सगळे मला मुन्शीजी म्हणत. निजाम गेला तरी कागद काही एका रात्रीत मराठी झाले नाहीत, म्हणून माझंही बरं चाललं होतं.

कागद म्हटलं की उंदीर आले, आणि उंदीर आले की मांजर आली. आमची मांजर पांढरीशुभ्र होती, एक ठिपका म्हणून नव्हता अंगावर. दफ्तरखान्यात मांजर पाळायची आणि तिचं खाणं सरकारनं द्यायचं, ही पद्धत माझ्या आधीपासूनची. खाण्याची रीतसुद्धा ठरलेली. शिळी ज्वारीची भाकरी बोटांनी इतकी कुस्करायची की एक गुठळी राहता कामा नये. त्यात धनगरवाड्यातली एक म्हातारी सकाळी शेळीचं दूध आणून द्यायची, ते कोमट करून घालायचं. वर चिमटीभर हळद. मीठ अजिबात नाही. तो लगदा थोडा वेळ झाकून ठेवायचा, मग वाढायचा. आणि वाढायचाही अर्ध्या पोटापुरता, कारण अर्धपोटी मांजर उंदीर धरते आणि भरल्या पोटाची मांजर घोरते.

याला आम्ही मलिदा म्हणत असू. दर्ग्यात वाटतात तो गूळ-तुपाचा मलिदा वेगळा, पण कुस्करलेलं ते सगळं मलिदाच. रोज सकाळी दफ्तरखान्याच्या रोजनाम्यात, म्हणजे रोजच्या नोंदवहीत, मी उर्दूत लिहायचो: कुलूप उघडलं, बस्ते पाहिले, मांजरीला मलिदा दिला. संध्याकाळी कधीमधी ती एखादा उंदीर आणून माझ्या खुर्चीच्या पायापाशी ठेवायची. मग मी तिला म्हणायचो, "शाबास." तिच्या तोंडून उत्तर यायचं नाही, पण मला तिचं उलट शाबास ऐकू यायचं. हसू नका. घरी मला शाबास म्हणायला तरी कोण होतं?

मग आमचा मुलूख हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला, आणि हुकूम आला की यापुढं सगळं मराठीत लिहायचं. हुकमापाठोपाठ तो आला. सोलापूरकडचा. नवं लग्न झालेला, अंगात पांढरा सदरा, खिशाला शाईचं पेन, आणि मराठी अशी की शाळामास्तरानं उभं राहून ऐकावी. त्याला माझ्या हाताखाली दिलं होतं. आठ दिवसांत कोण कुणाच्या हाताखाली आहे ते मलाच कळेना.

माझं मराठी म्हणजे घरात बोलायचं. लिहायचा सराव नव्हता. मी रोजनाम्यात मराठी लिहिलं की तो पेन्सिलीनं माझ्या वेलांट्या हळूच सुधारून ठेवायचा. रागावून नाही, हसून नाही, अगदी अदबीनं. रागावला असता तर भांडता तरी आलं असतं. शेवटी मीच म्हणालो, "रोजनामा तुमीच लिहीत जा." तो म्हणाला, "जशी तुमची इच्छा, मुन्शीजी." माझी इच्छा! माझी इच्छा त्यानं पुन्हा सोलापूरची गाडी धरावी ही होती.

त्यात मांजर.

एका सकाळी मी उशिरा पोहोचलो तर हा खाली उकिडवा बसलेला आणि मांजरीचं तोंड वाटीत. खोलीभर वास. मी विचारलं, काय घातलंय? तर म्हणाला, "काला केलाय, मुन्शीजी. आमच्याकडं असाच करतात." काला कसा, तेही मी न विचारता त्यानं सांगितलं. बाजारातली सुकट आणायची, म्हणजे ती बारीक वाळकी मासळी. तिची डोकी मोडून टाकायची, रेती झटकायची, तव्यावर कोरडी भाजायची आणि कुटायची. भाकरीचा चुरा आधी गरम पाण्यात भिजवायचा, पिळायचा, मग त्यात ती सुकट कालवायची. दूध अगदी शेवटी, चमचाभर, नुसतं वासापुरतं. हे सगळं त्याची बायको घरी करून डब्यात देत होती.

"आणि हळद?" मी विचारलं.

"हळद कशाला? मांजरीला काय लग्नाला उभं करायचंय?"

चपराशी हसला. म्हातारा माणूस, वीस वर्षं माझ्याबरोबरचा, आणि तोही हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याला सांगितलं की पोट भरलेली मांजर उंदीर धरत नाही, ही मांजर सरकारी आहे, तिला लाडावून चालणार नाही. तो म्हणाला, "असं करू ना. दोन्ही वाट्या ठेवून बघू."

मीही हट्टाला पेटलो. दुसऱ्या दिवशी मी घरून भाकरी मुद्दाम निवडून आणली, खरपूस पापुद्र्याची. दूध नेहमीपेक्षा ओंजळभर जास्तच. माझा मलिदा पिवळसर, मऊ, घरच्या लेकराला भरवावा तसा. त्याचा काला करड्या रंगाचा, खरबरीत, दिसायला भिंतीच्या गिलाव्यासारखा. दोन्ही वाट्या शेजारी ठेवल्या. चपराशी आणि दूधवाली म्हातारी बघायला उभे.

मांजर आली. आधी माझ्या वाटीपाशी आली, हे मी अजूनही सांगतो. एकदा वास घेतला. मग गेली त्याच्या वाटीकडं आणि मान वर न करता सगळा काला संपवला, वाटी चाटून जमिनीवर सरकवत नेली. त्यानंतर पुन्हा माझ्याकडं आली आणि वरवरचं दूध तेवढं पिऊन भाकरी तशीच सोडून गेली.

"मुन्शीजी," म्हातारी म्हणाली, "मांजर बी आता मुंबई राज्यात गेली की!"

सगळे हसले. तोही हसला, पण माझ्याकडं बघून लगेच थांबला. ते थांबणं मला जास्त लागलं.

आता माझ्या पुढच्या मूर्खपणाबद्दल. आमच्या घरी मासळीचं नाव काढायची सोय नव्हती, आई माळकरी. मी गुरुवारच्या बाजारात उपरण्यानं अर्धं तोंड झाकून सुकटवाल्याच्या समोरून दोनदा गेलो, तिसऱ्यांदा थांबलो. तो म्हणाला, "कुणासाठी नेताव मुन्शीजी?" ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी ही पहिलीच वेळ, त्यामुळे ते धड लपलंही नाही. पुडी घरी नेता येईना, म्हणून कचेरीत टेबलाच्या खणात ठेवली. दोन दिवसांत एका बांधाच्या भांडणाच्या मिसलीला, म्हणजे त्या कागदांच्या गठ्ठ्याला, असा वास सुटला की पक्षकारानं नाकाला उपरणं लावलं. आणि एवढं करून मी ती सुकट भाजली नाही, झटकली नाही, तशीच मलिद्यात ढकलली. मांजरीनं एक घास घेतला, रेती दाताखाली आल्यावर डोकं झटकलं आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू मी तिचा गुन्हेगार आहे. त्यानंतर माझ्या वाटीकडं तिनं फिरकणंच सोडलं.

पण खरी आग लागली ती एका संध्याकाळी. माझं म्हणणं होतं की काला खाऊन ती सुस्तावेल. ती सुस्तावली नाही. तिनं एक भलाथोरला उंदीर मारला, तोंडात धरून ऐटीत आणला, माझ्या खुर्चीपाशी पोहोचली, क्षणभर थांबली, आणि पुढं जाऊन त्याच्या खुर्चीच्या पायापाशी ठेवला.

तो म्हणाला, "शाबास गं."

मी उठून बाहेर गेलो. चपराश्यानं विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, डोळ्यात धूळ गेली. वेलांट्या घेतल्यास, वही घेतलीस, आणि आता हा उंदीरही घेतलास, असं मनात म्हणत मी विहिरीपाशी उभा राहिलो. एका मेलेल्या उंदरासाठी मोठा माणूस रडकुंडीला येतो हे त्या दिवशी मला कळलं.

थंडीच्या सुमाराला तपासणी लागली. साहेब जुन्या हैदराबादी नोकरीतले, निवृत्तीला आलेले. अजून शेरवानी घालायचे. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, कळायचंही बेताचंच. त्यामुळे वह्या वाचून दाखवायला आणि अर्थ सांगायला मला बोलावलं. मी त्या दिवशी ठेवणीतली टोपी घातली होती. साहेबांनी आल्याबरोबर एक जुना बस्ता सोडून माझं अक्षर बघितलं आणि म्हणाले, "वाह मुन्शीजी." तो बाजूला हात बांधून उभा होता. त्यानं ऐकलं याचा मला फार आनंद झाला.

मग मी रोजनामा वाचायला घेतला. एक ओळ मराठीत वाचायची, तिचा उर्दूत अर्थ सांगायचा. "कुलूप उघडले. बस्ते पाहिले. मांजरीला काला घातला."

अर्थ सांगायला मी तोंड उघडणार, तोच साहेबांनी हात वर केला. वीसेक वर्षं आमच्या भागात काढल्यामुळे त्यांना मांजर हा शब्द माहीत होता. आणि काला कुणाला माहीत नाही? त्यांनी खिडकीकडं पाहिलं. खिडकीत ती बसलेली, पांढरीफेक.

"ये तो सफेद है," साहेब म्हणाले. "काला कहाँ है?"

प्रश्न त्याला होता. तो गडबडला. सोलापुरी हिंदीत म्हणाला, "अभी दिया साहेब, सुबह."

"आता कहाँ से है?"

"घर से लाता हूँ साहेब."

"रोज?"

"रोज साहेब. डब्बे में."

साहेबांच्या भुवया टोपीला लागल्या. "डब्बे में! और शाम को वापस ले जाते हो?"

"नहीं साहेब. शाम तक कुछ बचता नहीं."

चपराशी खाली बघू लागला. आणि तेव्हा त्यानं, त्या पोरानं, माझ्याकडं पाहिलं. सरळ माझ्याकडं. दोन्ही भाषा जाणणारा त्या खोलीत मी एकटा. काला म्हणजे काळा बोका नव्हे हुजूर, काला म्हणजे मलिदा, एवढं एक वाक्य. माझ्या जिभेवर ते होतं. पण मला तो उंदीर दिसला, त्या सुधारलेल्या वेलांट्या दिसल्या, आणि मी वहीचं पान उलटलं.

साहेब मला म्हणाले, "आपके वक्त में तो एक ही बिल्ली थी ना, मुन्शीजी?"

"जी हुजूर," मी म्हणालो. "एक ही थी."

शब्द खरा होता. इतका खरा शब्द मी इतक्या खोटेपणानं कधी वापरला नव्हता. साहेबांनी शेऱ्यात उर्दूत लिहिलं: दफ्तरखान्याला एक मांजर पुरे, फाजील मांजर ताबडतोब हटवावी.

मला त्याचं वाईट करायचं नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगत होतो. काळा बोका नव्हताच, तर हटवणार काय? एवढंच होईल की याला जबाब लिहावा लागेल, तो उर्दूत लिहावा लागेल, आणि त्यासाठी डबा बाजूला ठेवून माझ्यापुढं यावं लागेल. मुन्शीजी, एवढं लिहून द्या. मला तेवढं ऐकायचं होतं. ते ऐकलं की मी सगळं निस्तरून देणार होतो.

साहेब गेल्यावर तो शेरा घेऊन आला. "वाचून दाखवता का?" मी वाचून दाखवला. त्यानं विचारलं, "फाजील म्हणजे कोणती?"

"ते तुमचं तुमी बघा," मी म्हणालो, आणि वाट बघितली. तो आणखी काही बोलेल असं वाटलं. पण तो नुसती मान हलवून गेला. दुसऱ्या दिवशी पुतणीच्या लग्नासाठी मला चारठाण्याला जायचं होतं. मी गेलो. लग्नात जेवताना मला चार दिवसांनी येणाऱ्या त्या विनवणीचीच चव लागत होती.

परत आलो तर खिडकी रिकामी. वाटी धुऊन पालथी घातलेली. मी चपराश्याला हाक मारली.

"तामील झाली की, मुन्शीजी," तो म्हणाला.

"कसली तामील?"

"हुकमाची. एक मांजर हटवा म्हणलं न्हवं साहेबांनी? मांजर हाय एकच. मग आमी काय करावं? हुकूम तर मोडता येत न्हाई. म्या म्हणलं, पोत्यात घालून झरीच्या रस्त्याला सोडून येतो. तर हे नवे कारकून लय कळवळले. म्हणले, नगं, मी घरी नेतो. नेली."

शिंक्याचं तुटलं आणि बोक्याचं पटलं म्हणतात ते हेच. फक्त शिंकं मी स्वतःच्या हातानं कापलं होतं. ती आता दिवसाच काय, चोवीस तास त्याची झाली होती. माझ्या गप्प बसण्यानं त्याचं काहीही गेलं नव्हतं, जे गेलं ते माझंच गेलं होतं.

दोन दिवस मी कळ काढली. तिसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर त्याच्या बिऱ्हाडी गेलो. मनाशी ठरवून गेलो होतो की सगळं खरं सांगायचं, साहेबांना पत्र लिहायचं, आणि मांजर जागेवर आणायची. एक खोली आणि पुढं ओसरी, एवढंच बिऱ्हाड. ओसरीत त्याची बायको तांदूळ निवडत बसली होती, वीस वर्षांची असेल नसेल. मांजर तिच्या मांडीला टेकून झोपलेली. मला बघून बायको पदर सावरत उठली, मांजर मात्र उठली नाही. एक डोळा उघडला, मी आहे हे बघितलं आणि मिटला.

तो लगबगीनं बाहेर आला. सतरंजी टाकली. चहा सांगितला. मग माझ्याजवळ बसून खालच्या आवाजात म्हणाला, "मुन्शीजी, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही."

मी म्हणालो, "कसले?"

"आता माझ्यापासून काय लपवता? सोलापुरात वाढलोय मी, गिरणीच्या चाळीत. अर्धी चाळ उर्दू बोलायची. साहेब काळ्या बोक्याबद्दल विचारतायत हे माझ्या जरा उशिरानं ध्यानात आलं. कळलं तेव्हा मी तुमच्याकडं बघितलं. म्हटलं, थोरले आहेत, तेच सांगतील, त्यांच्यापुढं आपण साहेबाला दुरुस्त करणं बरं दिसत नाही. पण तुम्ही गप्प बसलात. मला वाटलं, असं का? मग शेरा वाचून दाखवताना तुम्ही म्हणालात, तुमचं तुम्ही बघा. तेव्हा उजेड पडला." त्यानं बायकोकडं हात केला. "हिला इथं कुणी नाही. बोली कळत नाही, दिवसभर एकटी रडायची. मी चपराश्यापाशी एकदा बोललो होतो. तुमच्या कानावर गेलंच असणार. इतक्या वर्षांची मांजर, पण तोंडानं 'घेऊन जा' म्हणवलं नाही तुम्हाला, म्हणून अशी दिलीत."

चपराश्यानं मला यातलं काही सांगितलं नव्हतं. हा पोरगा टोमणा मारतोय का, हे मी त्याच्या चेहऱ्यावर शोधलं. टोमणा असता तर मला किती बरं वाटलं असतं. पण नव्हता.

"दिलीत ना मुन्शीजी?" त्यानं विचारलं. "का परत आणू? तुम्ही म्हणाल तसं."

बायकोचा हात मांजरीच्या पाठीवर थांबला होता.

"दिली," मी म्हणालो.

ती उठली, हात पदराला पुसले आणि वाकून माझ्या पायांना हात लावायला आली. मी पाय झटकन मागं घेतले. ती नवऱ्याकडं बघून हसली आणि म्हणाली, "किती भिडस्त आहेत हो तुमचे मुन्शीजी."